कॉन्चेर्टोमध्ये पाहुणा कंडक्टर आणि पियानोवादक : लय नेमकी कोणाची चालते?

प्रश्न – मध्यलय

नमस्कार.

मी आयुष्यभर हिंदुस्थानी संगीत ऐकत आलो आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीताशी माझा संबंध रेकॉर्डिंगपुरता, आणि तोही तुटक. येत्या सप्टेंबरच्या सीझनमधल्या एका मैफलीला मला घेऊन जायचे लेकीने ठरवले आहे. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात, जमशेद भाभा थिएटरला, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची ही मैफल आहे. पूर्वार्धात बीथोवनचा चौथा पियानो कॉन्चेर्टो (एकल पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) आणि मध्यंतरानंतर ड्वोर्झाकची आठवी सिम्फनी असा बेत आहे. कंडक्टर पाहुणे आहेत आणि पियानोवादकही बाहेरून येणार आहेत. म्हणजे मंचावर ज्यांच्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतील, त्या दोघांपैकी एकही जण या वाद्यवृंदाच्या रोजच्या सहवासातला नाही.

माझी शंका इथूनच सुरू होते. आपल्याकडे गायक आणि तबलजी कधी कधी थेट मंचावरच प्रथम भेटतात आणि तरीही मैफल रंगते, कारण ठेक्याची चौकट दोघांच्याही अंगात मुरलेली असते आणि लय कोणी धरायची याबद्दल कोणाच्या मनात किंतु नसतो. इथे तर प्रत्येक स्वर आधीच लिहून ठेवलेला, आणि वाजवणारे साठ-सत्तर जण रोज एकत्र बसणारे. मग पाहुण्या कंडक्टरने चार दिवसांसाठी येऊन करायचे ते काय शिल्लक उरते? आणि त्याचे व पियानोवादकाचे लयीविषयी पटले नाही, तर शेवटी कोणाचे चालते? जाणकारांनी, जमल्यास याच रचनेच्या आधाराने, सांगावे. तिकिटे अजून काढायची आहेत, तेव्हा कोणत्या बाजूला बसावे हेही सांगितल्यास बरे होईल.

प्रतिसाद १ – दुसरी_रांग

तिकिटांचे आधी सांगतो, कारण पियानोची मैफल असली की डावीकडच्या जागा लवकर संपतात. प्रेक्षागृहातून मंचाकडे पाहिले तर पियानोवादक डाव्या हाताला बसलेला असतो आणि पियानोची लांबी उजवीकडे जाते. हात पाहायचे असतील तर मध्यभागाच्या डावीकडे बसावे. उजवीकडून त्याचा चेहरा दिसतो, बोटे दिसत नाहीत. अगदी पुढच्या रांगा मात्र टाळाव्यात. तिथे पियानोचे धूड आणि त्याचे उघडलेले झाकण यांच्याआड निम्मा वाद्यवृंद झाकला जातो आणि मागे उभा असलेला कंडक्टरही धड दिसत नाही. आपला प्रश्नच कंडक्टरविषयी असल्यामुळे थोडी मागची किंवा बाल्कनीतली जागा आपल्याला अधिक उपयोगी पडेल. हे सभागृह १,१०९ आसनांचे आहे, त्यामुळे मागे बसूनही फार दूर गेल्यासारखे वाटत नाही.

दोन्ही पाहुणे असण्यात या वाद्यवृंदाच्या बाबतीत नवल काहीच नाही. २००६ साली खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी हा वाद्यवृंद उभा केला. त्याचे मुख्य सीझन फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये होतात, आणि त्या वेळी इथल्या कायमच्या वादकांच्या जोडीला परदेशातूनही वादक येतात. म्हणजे नुसता कंडक्टरच नव्हे, मंचावरचे काही वादकही एकमेकांना नव्याने भेटत असतात. अशा वेळी सर्वांना एका सुरात आणणारा माणूस किती लागतो, हे आपल्या लक्षात येईलच.

सुरुवातीला एक गोष्ट जरूर पाहावी. एरवी वाद्ये जुळवण्यासाठी ओबो हे फुंकवाद्य 'ए' हा स्वर देते. पियानो कॉन्चेर्टोच्या आधी मात्र पहिला व्हायोलिनवादक, म्हणजे वाद्यवृंदाचा लीडर, पुढे येऊन पियानोवरची 'ए'ची पट्टी दाबतो आणि बाकीचे तिच्याशी जुळवून घेतात, कारण पियानो ऐन वेळी कोणाशी जुळवून घेऊ शकत नाही. पहिल्या मूव्हमेंटनंतर, म्हणजे रचनेच्या पहिल्या भागानंतर, टाळ्या वाजवण्याचा मोह आवरावा. दुसरी मूव्हमेंट संपते तिथे तर टाळ्यांना जागाच नसते, ती थेट तिसरीत मिसळते.

प्रतिसाद २ – श्टुटगार्टकर

मी जर्मनीत एका हौशी वाद्यवृंदात व्हायोला वाजवते. आमच्याकडेही अधूनमधून पाहुणे कंडक्टर येतात, त्यामुळे त्यांच्या समोर बसून काय दिसते तेवढे सांगते.

व्यावसायिक वाद्यवृंदात एका कार्यक्रमासाठी साधारणपणे तीन-चार दिवसांच्या तालमी मिळतात आणि त्यांतला मोठा वाटा सिम्फनी खाते. एकल वादक बहुधा मैफलीच्या एक-दोन दिवस आधी पोहोचतो, म्हणून कॉन्चेर्टोच्या वाट्याला सगळ्यांबरोबरच्या एक-दोन तालमीच येतात. म्हणूनच त्याआधी कंडक्टर आणि पियानोवादक एका खोलीत बसतात. पियानोवादक वाजवत जातो. कंडक्टर पुढ्यात स्कोअर (सगळ्या वाद्यांचे लिखित संगीत) घेऊन तो कुठे थांबतो, कुठे श्वास घेतो, कोणत्या उतरत्या स्वरपंक्तीत रेंगाळतो, याच्या खुणा करून ठेवतो. आपल्या प्रश्नातल्या मतभेदाचा निकाल बहुतेक वेळा त्या खोलीतच लागतो आणि श्रोत्यांना त्याचा मागमूसही लागत नाही.

पाहुण्याचे खरे कौशल्य वेळ कुठे खर्च करायचा हे ओळखण्यात असते. पहिल्या तालमीत शहाणा पाहुणा आख्खी मूव्हमेंट न थांबता वाजवू देतो आणि नुसता ऐकतो. वाद्यवृंदाला जे येतेच ते पुन्हा शिकवायला जाणाऱ्याचा पहिला तास वाया जातो आणि वादकांचा आदरही त्याबरोबर जातो. दुसरी अडचण सवयीची असते. काठी खाली आली की त्याच क्षणी स्वर उमटेल असे नाही. प्रत्येक वाद्यवृंदाचा प्रतिसाद वेगळा असतो, आणि आमच्याकडच्या जुन्या वाद्यवृंदांत तर तो बऱ्यापैकी उशिरा येतो. ज्याला हे ठाऊक नसते तो पाहुणा घाबरून हातवारे वाढवतो आणि सगळे आणखीच विस्कटते.

आता बीथोवनचा चौथा. हा जी मेजर या स्वरपट्टीतला, ओपस (रचनाक्रमांक) ५८. याची सुरुवातच आपल्या प्रश्नाला धरून आहे, कारण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आधी वाद्यवृंद वाजत नाही, पियानो एकटाच सुरू होतो. पहिले पाच बार, म्हणजे लिखित संगीतातली तालाची पाच आवर्तने, पूर्णतः पियानोवादकाचे असतात. तो केव्हा सुरू करणार, किती हळू वाजवणार, हे सर्व त्याच्या हातात असते. कंडक्टर काठी खाली ठेवून उभा असतो. सहाव्या बारला तंतुवाद्ये येतात आणि ती जी मेजरमध्ये न येता एकदम दूरच्या बी मेजरमध्ये, अतिशय हलक्या आवाजात येतात. वाजवणाऱ्याच्या दृष्टीने ही जागा भयंकर अवघड आहे. पियानोचा शेवटचा स्वर संपण्याआधी कंडक्टरला इशारा द्यावा लागतो, आणि तो इशारा पियानोवादकाने नुकत्याच ठेवलेल्या लयीतलाच असावा लागतो. तो जरा जलद निघाला, तर वाद्यवृंदाने पियानोवादकाची दुरुस्ती केल्यासारखे ऐकू येते. जरा मंद निघाला, तर संवाद सुरू होण्याआधीच थंडावतो. आमच्या तालमीत या एवढ्याशा जागेसाठी कंडक्टरने आम्हाला पुन:पुन्हा थांबवले होते. प्रत्येक वेळी बोच्या (गजाच्या) टोकाने, तारेला जेमतेम स्पर्श करीत सुरुवात करायची, आणि नजर मात्र पियानोवादकाच्या मनगटावर ठेवायची.

दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये फक्त तंतुवाद्ये आणि पियानो आहेत. तंतुवाद्ये सगळी एकाच सुरावटीत, कडक आणि तुटक बोलतात आणि पियानो अगदी हळू, गात उत्तर देतो. हळूहळू तंतुवाद्यांचा आवाज उतरत जातो. इथे दोघांनी एकाच लयीत राहिले पाहिजे असा आग्रह मला पटत नाही. कंडक्टरने आपला कडकपणा सांभाळावा, पियानोवादकाने आपला विसावा सांभाळावा, आणि त्या विसंवादातूनच ही पाच मिनिटे उभी राहतात. ट्रम्पेट आणि टिंपनी (मोठे नगारे) वाजवणारे यातले काहीच वाजवत नाहीत. पहिल्या दोन मूव्हमेंट ते स्वस्थ बसून असतात आणि थेट शेवटच्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे रोंडोमध्ये, प्रवेश करतात. त्याच रोंडोच्या आरंभी पियानोच्या पहिल्या उत्तराखाली एकच चेलो वाजत असतो. ती जागा त्या दोघांवर सोपवून बाजूला राहणे, हेही कंडक्टरचे कामच आहे.

प्रतिसाद ३ – काळी_पांढरी

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. मध्यलय यांनी दिलेली संगतीची उपमा मात्र मला पूर्ण पटत नाही. कॉन्चेर्टोमध्ये पियानो सतत पुढे असतो आणि बाकीचे त्याची साथ करतात, असा समज तिच्यातून होतो. वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते. रॅखमॅनिनॉफच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोत आरंभीचे घंटानादासारखे स्वरसमूह पियानो एकट्याने वाजवतो, पण त्यानंतर मुख्य सुरावट तंतुवाद्ये गातात आणि पियानो त्यांच्याखाली झपाट्याने खालीवर फिरत साथ करत राहतो. त्याच रचनेच्या संथ मूव्हमेंटमध्ये आधी बासरी आणि मग क्लॅरिनेट गाते, तेव्हाही पियानोच साथीला असतो. अशा ठिकाणी लय पियानोवादकाची म्हणावी की बासरीवादकाची? कंडक्टर लागतो तो नेमका इथे, कारण मालकी पानागणिक बदलत असते आणि ती केव्हा बदलली हे सर्वांना एकाच वेळी कळावे लागते.

मतभेदाचे सर्वांत गाजलेले उदाहरण एप्रिल १९६२ मधले, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधले आहे. ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो, पियानोवर ग्लेन गूल्ड आणि कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन. बर्नस्टाइन तिथे पाहुणे नव्हते, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत संचालक होते. गूल्ड यांना अतिशय संथ लय हवी होती. वादन सुरू होण्यापूर्वी बर्नस्टाइन यांनी श्रोत्यांशी बोलून सांगितले की या कल्पनेशी आपण सहमत नाही, तरीही गूल्ड यांच्यासारख्या गंभीर कलावंताची दृष्टी ऐकण्यासारखी असल्यामुळे आपण ती साकार करणार आहोत. कॉन्चेर्टोत मालक कोण, हा आपलाच प्रश्न त्यांनीही त्या भाषणात विचारला होता, आणि कधी एकल वादक, कधी कंडक्टर, असे उत्तर स्वतःच दिले होते. समीक्षकांनी दोघांनाही झोडपले. त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण पुढे प्रसिद्ध झाले आणि आज ते सहज ऐकता येते. माझ्या मते हे उदाहरण जरुरीपेक्षा जास्त वेळा दिले जाते. ते लक्षात राहिले याचे कारणच हे की असे जाहीर मतभेद जवळजवळ कधी होत नाहीत.

त्यापेक्षा मला जानेवारी १९१० ची न्यूयॉर्कमधलीच मैफल अधिक शिकवून जाते. रॅखमॅनिनॉफ स्वतःचा तिसरा कॉन्चेर्टो वाजवत होते आणि कंडक्टर होते गुस्ताव माहलर, जे स्वतः त्या काळचे मोठे रचनाकार होते. आधीच एक दीर्घ तालीम होऊन गेलेली असतानाही या कॉन्चेर्टोची गुंतागुंतीची साथ अगदी निर्दोष होईपर्यंत माहलर यांनी तालीम सोडली नाही, वेळ उलटून गेली तरी वादक जागचे हलले नाहीत, आणि रॅखमॅनिनॉफ यांनी पुढे याची आठवण मोठ्या आदराने सांगितली. एवढ्या थोर संगीतकाराने दुसऱ्याच्या रचनेच्या साथीवर इतका जीव ओतावा, यातच कंडक्टरने करायचे काय शिल्लक असते, याचे उत्तर मिळते.

आणि तालीम कमी पडली तर काय होते, याचा दाखला आपल्या रचनेच्याच इतिहासात आहे. चौथ्या कॉन्चेर्टोचे पहिले जाहीर वादन २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नाच्या थिएटर अ‍ॅन डेर वीनमध्ये झाले, पियानोवर खुद्द बीथोवन होते. त्याच संध्याकाळी पाचवी आणि सहावी सिम्फनीही प्रथमच वाजली. कार्यक्रम चार तास चालला, सभागृह थंडीने गारठले होते, आणि अपुऱ्या तालमीमुळे शेवटच्या कोरल फँटसीत वाद्यवृंद इतका चुकला की बीथोवन यांना मध्येच थांबवून पुन्हा सुरुवात करावी लागली.

मध्यलय

सर्वांचे मनापासून आभार. डावीकडची, बाल्कनीतली तिकिटे काढली आहेत. संगतीच्या उपमेबद्दलचा आक्षेप मान्य आहे, पण माझ्या मनात नेमकी कोणती गोष्ट होती ते स्पष्ट करतो. तबलजी सोलो घेतो तेव्हा सारंगी किंवा पेटीवाला लेहरा, म्हणजे तीच ती सुरावट, धरून राहतो. काही केल्या तो बाजूला होत नाही. इथे पियानो एकटाच बराच वेळ वाजवतो आणि वाद्यवृंद पूर्ण थांबतो, त्याला कॅडेन्झा म्हणतात असे वाचले. लेहराच नसेल तर सगळे पुन्हा एकत्र कसे येतात? आणि एक भाबडा प्रश्न : काही पियानोवादक स्वतःच पियानोपाशी बसून वाद्यवृंद चालवतात असे ऐकले आहे. ते शक्य असेल, तर पाहुण्याची गरजच काय?

श्टुटगार्टकर

दुसऱ्या प्रश्नाचे मी सांगते, कॅडेन्झाचे काळी_पांढरी सांगतील.

पियानोपाशी बसून वाद्यवृंद चालवणे ही मुळात जुनीच पद्धत आहे. मोझार्ट स्वतःचे कॉन्चेर्टो असेच सादर करीत असत, आणि आज डॅनिएल बारेनबोइम, मित्सुको उचिदा यांच्यासारखे वादक मोझार्ट आणि बीथोवन याच प्रकारे वाजवत आले आहेत. त्या वेळी कंडक्टरचे निम्मे काम लीडरकडे जाते. तो आपल्या बोने, खांद्याने, श्वासाने इशारे देतो. संपूर्ण वाद्यवृंदही कंडक्टरविना चालू शकतो. मॉस्कोचा पर्सिमफान्स हा वाद्यवृंद १९२२ पासून दहाएक वर्षे तसा चालला आणि न्यूयॉर्कचा ऑर्फिअस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून तसाच वाजवतो. पण त्याची किंमत तालमीच्या तासांत मोजावी लागते. एकाने ठरवायच्या गोष्टी सगळ्यांनी चर्चा करून ठरवायच्या, तर वेळ लागणारच. आपल्या मैफलीत परदेशातून आलेले वादक असतील आणि उत्तरार्धात ड्वोर्झाकची आठवी आहे. तिच्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये लय आणि मनःस्थिती इतक्या वेळा पालटते की चार दिवसांत ती चर्चेने बसवणे मला अशक्य वाटते.

पाहुणा ऐन वेळी बदलला तरी वाद्यवृंद कोसळत नाही, हे मात्र खरे आहे. १४ नोव्हेंबर १९४३ रोजी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे पाहुणे कंडक्टर ब्रूनो वॉल्टर आजारी पडले, आणि वर उल्लेख आलेले बर्नस्टाइन, तेव्हा २५ वर्षांचे साहाय्यक, वाद्यवृंदाबरोबर एकही तालीम न करता उभे राहिले. ती मैफल रेडिओवरून देशभर ऐकवली जात होती. पण वॉल्टर यांच्या तालमी आधी झालेल्या होत्या आणि वादकांना त्यांचा अर्थ ठाऊक होता, हे ती गोष्ट सांगताना बहुतेक जण विसरतात.

काळी_पांढरी

कॅडेन्झामध्ये लेहरा नसतो, पण परतीची खूण ठरलेली असते. पियानोवादक शेवटी ट्रिलवर येतो, म्हणजे शेजारचे दोन स्वर वेगाने आलटूनपालटून वाजवत राहतो, आणि ती लांबत चालली की वाद्यवृंदात हालचाल सुरू होते : बो उचलले जातात, बासरी ओठांशी जाते, कंडक्टरचा हात वर येतो. आपण बाल्कनीत डावीकडे आहात, म्हणजे बोटे आणि काठी दोन्ही एकाच नजरेत येतील. ट्रिल किती लांबवायची हे पियानोवादकाच्या मर्जीवर असते. कंडक्टर तिच्या शेवटच्या वळणाची वाट पाहतो आणि नेमक्या त्या वळणावर वाद्यवृंदाला आत घेतो. चौथ्या कॉन्चेर्टोत हे परतणेही गाजावाजा करून होत नाही, हलक्या आवाजातच होते, त्यामुळे चूक लपवायला जागा नसते. त्याच्या पहिल्या मूव्हमेंटसाठी बीथोवन यांनी स्वतः एकाहून अधिक कॅडेन्झा लिहून ठेवल्या आहेत, शिवाय क्लारा शूमान आणि ब्राम्स यांच्याही आहेत. आपले पियानोवादक कोणती वाजवणार हे मैफलीच्या पत्रिकेत बहुधा दिलेले असते, नसल्यास मध्यंतरात कोणा नेहमीच्या श्रोत्याला विचारावे.

आपण तबल्याचा विषय काढलाच आहे, तर एक संदर्भ याच वाद्यवृंदाचा देतो. उस्ताद झाकिर हुसेन यांनी तबला आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेला 'पेशकार' हा कॉन्चेर्टो सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने त्यांच्याकडून मुद्दाम लिहवून घेतला आणि २०१५ मध्ये एनसीपीएतच प्रथम सादर केला. २०१९ च्या इंग्लंड दौऱ्यातही तो त्यांनी वाजवला. त्याचे ध्वनिमुद्रण मिळाले तर मैफलीला जाण्यापूर्वी ऐकावे. तिहाई (तीनदा वाजून समेवर येणारा तुकडा) कुठे संपणार हे आपल्याला आधीच कळते. तेव्हा एकदा फक्त तबल्याकडे आणि दुसऱ्यांदा फक्त वाद्यवृंद कुठे आत येतो याकडे लक्ष द्यावे, म्हणजे बीथोवनमध्ये ट्रिलनंतर कान कुठे लावायचा ते वेगळे सांगावे लागणार नाही.